कडीकोयंडा तुटण्याआधी

‘बंद घराचा कडीकोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी कपाटातील दागिने व रोकड लंपास केली’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्राच्या वाचकाला तोंडपाठ आहे. गाव बदलते, तोळे बदलतात, पोलीस ठाण्याचे नाव बदलते. वाक्य तेच राहते. बातमी पुढे सांगते की गुन्हा नोंदवला आहे आणि अधिक तपास अमुक उपनिरीक्षक करत आहेत. एक गोष्ट मात्र तिच्यात कधीच नसते. इमारतीत बारा बिऱ्हाडे होती, तर हेच घर का? रात्री नव्हे, भर दुपारी का? शेजारचे दारही तितकेच तकलादू होते, ते कसे वाचले? दारासमोर उभ्या असलेल्या माणसाने काही खुणा पाहिल्या, त्यांचा अर्थ लावला, काहीतरी ठरवले आणि मग त्याचा हात कडीकडे गेला. त्या ठरवण्याला लागलेला वेळ कदाचित एका मिनिटाचाही नसेल. तरीही गुन्ह्याला आळा घालण्याची जितकी म्हणून शक्यता आहे, तिचा फार मोठा भाग त्या एका मिनिटात दडलेला आहे. जगभरच्या अभ्यासकांनी गेल्या साठ वर्षांत जमवलेल्या पुराव्यातून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आपल्याकडे मात्र तिच्यावर जवळजवळ चर्चाच होत नाही.

आपल्याकडे चर्चा होते ती दोन प्रश्नांची. गुन्हा कोणी केला आणि त्याला शिक्षा किती द्यायची. दोन्ही प्रश्न न्यायासाठी आवश्यक आहेत, त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण न्याय देणे आणि गुन्हा टाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाचे प्रश्न दुसऱ्या कामाला लावले की काय होते, याचा इतिहास आपल्या दाराशीच आहे.

‘कोण’ या प्रश्नाची सगळ्यात भीषण परिणती म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. गुन्हेगारी रक्तात असते, ती बापाकडून मुलाकडे येते, तेव्हा विशिष्ट जमातीत जन्मलेल्या प्रत्येकावर पहारा ठेवला की चोऱ्यामाऱ्या थांबतील, असा त्यामागचा तर्क होता. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी समाजांतल्या माणसांच्या वाट्याला पोलिसांकडची हजेरी आली. कुटुंबेच्या कुटुंबे काटेरी तारांच्या सेटलमेंटमध्ये डांबली गेली. सोलापूरची सेटलमेंट त्यांतलीच. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. या जमातींसाठी विमुक्त हा शब्द आला तो तेव्हापासून. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाली होती, पण संशय तसाच होता. तो अजूनही गेलेला नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांत शिल्लक राहिलेला जातिभेद आणि विमुक्त जमातींवरचा ‘सराईत’पणाचा शिक्का पुसण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल द्यावा लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण एका कायद्याने ऐंशी वर्षे अमलात आणली. एवढे करून चोऱ्या थांबल्या का? नाही. कारण तो तर्क मुळातच चुकीचा होता. अट्टल घरफोड्यासुद्धा दिवसभरात शेकडो दारांवरून जातो आणि त्यांतली जवळजवळ सगळी सोडून देतो. तो कोण आहे हे कळले, तरी त्याने ही दारे का सोडली आणि एकच का निवडले, याचे उत्तर मिळत नाही.

‘किती’ या प्रश्नाची ओढ आजच्या काळात जास्त आहे. एखादे नृशंस कृत्य घडते, लोक रस्त्यावर उतरतात, आणि सरकार शिक्षा वाढवते. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस करण्याचे विचारपूर्वक टाळले. तरी त्यानंतर आलेल्या कायद्यात काही प्रकारच्या बलात्कारांना फाशीची तरतूद झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकाचा रोखही तोच होता. लोकांचा संताप खरा आहे, त्यामागची वेदना त्याहून खरी आहे. म्हणूनच विचारायला हवे की ज्या बाईचे आयुष्य उद्या उद्ध्वस्त होऊ शकते, तिला या वाढीव शिक्षेने वाचवले का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या निकाली निघालेल्या तीन खटल्यांमागे एकातही शिक्षा होत नाही, आणि देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबलेली आहेत. अशा स्थितीत कागदावरची शिक्षा दहा वर्षांची वीस केली काय किंवा फाशीची केली काय, गुन्हा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती येतच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये फाशीविषयीच्या तीसेक वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा फाशीने खून कमी होतात की वाढतात हे या अभ्यासांवरून सांगताच येत नाही, असा निष्कर्ष निघाला. फ्लोरिडातला एक अभ्यास तर आणखी बोलका आहे. तिथे अठरावा वाढदिवस झाला की त्याच गुन्ह्याला मिळणारी शिक्षा एकदम कितीतरी कडक होते. मग सतराव्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत गुन्हे करणारी मुले अठरा पूर्ण होताच हात आखडता घेतात का? डेव्हिड ली आणि जस्टिन मॅक्रेरी यांनी अटकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा फरक दिसला तो अगदी नगण्य. अल्पवयीनांना प्रौढ मानून खटले चालवण्याच्या मागणीला आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अंशतः मान दिला. ती मागणी करणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा नजरेखालून घालावा.

शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री महत्त्वाची, हे इटलीच्या चेझारे बेकारियाने १७६४ मध्येच सांगून ठेवले होते. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरने १९६८ मध्ये त्याला गणिताचे रूप दिले: गुन्हेगारही इतरांसारखाच फायदा, तोटा आणि पकडले जाण्याची शक्यता तोलतो. हे गणित नेटके आहे, पण माणूस इतका नेटका नाही. चोर म्हणजे काही चालता-बोलता गणकयंत्र नव्हे. डेरेक कॉर्निश आणि रोनाल्ड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली भूमिका मला अधिक पटते. त्यांच्या मते गुन्हेगार विचार करतो खरा, पण तो विचार तोकडा असतो. घाईत, अपुऱ्या माहितीवर, समोर दिसते तेवढ्याच्या आधारे केलेला. आपण भाजी घेताना जसे दोन-तीन गाळे पाहून ठरवतो, सगळा बाजार पिंजून काढत नाही, तसाच. बेकरच्या गणितात पाच वर्षांनंतरची कैद आणि पाच मिनिटांनंतरचा धोका एकाच तराजूत बसतात. प्रत्यक्षात दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटांचा धोका डोंगराएवढा दिसतो आणि पाच वर्षांची कैद क्षितिजावरच्या ठिपक्याएवढी.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर या दोघांनी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात तुरुंगाबाहेर असलेल्या, घरफोडीचा धंदा चालू असलेल्या १०५ जणांशी बोलून त्यांच्या कामाची पद्धत नोंदवली. त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये आले. त्यांतल्या बहुतेकांना पैसे हवे होते ते लगेच, आजच, आणि बऱ्याचदा नशेसाठी किंवा मौजमजेसाठी. घर सहसा आधीच हेरलेले असे. सगळ्यात मोठी भीती एकच, आत कोणी असण्याची. म्हणून आधी दार वाजवायचे. कोणी उघडलेच तर भलत्याच कोणाचे नाव विचारून निघून जायचे. आत शिरल्यावर थेट मोठ्या शयनकक्षाकडे, कारण दागिने आणि रोकड तिथेच सापडते हे अनुभवाने ठाऊक. काही मिनिटांत बाहेर. आणि पकडले जाण्याचा विचार? तो ते मुद्दाम मनात येऊच देत नसत. ज्या माणसाने शिक्षेचा विचार ठरवून बाजूला सारला आहे, त्याला शिक्षा वाढवून थांबवता येत नाही. त्याच माणसाला कुत्र्याचे भुंकणे थांबवते, आत लागलेला दिवा थांबवतो, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबवते. आपल्याकडची सर्वसाधारण दारे या नजरेने पाहावीत. कोयंड्यात अडकवलेले टाळे बाहेरून लोंबते. त्यातून दार जेवढे मजबूत होते, तेवढीच आत कोणी नाही अशी पाटीही लागते. दाराच्या आतच बसणाऱ्या कुलपात आणि या टाळ्यात मजबुतीचा फरक असेल किंवा नसेलही, पण चोराला मिळणाऱ्या माहितीचा फरक फार मोठा आहे. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत ओळीने टाळी लोंबणारी चाळ किंवा सोसायटी ही वाचता येणाऱ्याला उघडी वहीच असते. चोराच्या मनात चांदणे, असे आपण म्हणतो. चांदण्याचे भय त्याला खरोखरच असते. न्यायालय मात्र त्या घटकेला त्याच्या मनात कुठेच नसते.

यावर सगळ्यात पहिला आणि सगळ्यात रास्त आक्षेप असा की चोरीचे ठीक आहे, पण रागाच्या भरात, दारूच्या नशेत होणाऱ्या मारहाणीचे, खुनाचे काय? तिथे कसला आलाय निर्णय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण राग आंधळा असतो, हे आपण जितके गृहीत धरतो तितका तो असतो का, हे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. असा नवरा दिवसभर साहेबाची बोलणी खातो आणि तिथे हात उचलत नाही. तो उचलतो घरी आल्यावर, दार लावल्यावर, जिच्यामागे कोणी उभे राहणार नाही तिच्यावर. त्याला राग आला हे खरे; तो कुठे काढायचा हे मात्र त्याने निवडले, आणि ती निवड परिणामांचे पक्के भान ठेवून केलेली आहे. शेजाऱ्याने एकदा दार ठोठावले, गावातल्या बायका एकदा ओट्यावर येऊन बसल्या, तर ते भान वेगळा कौल देऊ शकते.

आणि जिथे खरोखर क्षणाचा झोक जातो, तिथेही तो क्षण लांबवता येतो. शिकागोत किशोरवयीन मुलांसाठी चालणाऱ्या एका कार्यक्रमात सुरुवातीलाच दोघादोघांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचे, तीस सेकंदांत तो मिळव. बहुतेक जोड्यांत ओढाताण, झटापट होते. वेळ संपली की शिक्षक विचारतो, चेंडू मागितला का नाहीस? मुले म्हणतात, मागून कोणी दिला असता का? मग दुसऱ्याला विचारतात, आणि तो म्हणतो, दिला असता की. पहिला आलेला विचार हा एकमेव विचार नसतो, एवढेच ही मुले महिनोन् महिने शिकतात. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना केली तेव्हा कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम टिकला नाही, हेही सांगायला हवे. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथे ९९९ तरुणांवर असाच प्रयोग झाला; त्यांतल्या ज्यांना समुपदेशनाबरोबर २०० डॉलरची रोख मदतही मिळाली, त्यांच्यातले गुन्हे आणि हिंसा दहा वर्षांनंतरही जवळजवळ निम्म्यावर होती. निर्णय कसा घेतला जातो ते समजून घेतल्यामुळे इथे काठी हाती न घेता काम झाले.

निर्णय किती परिस्थितीच्या हाती असतो, याचा सगळ्यात हेलावून टाकणारा पुरावा गुन्ह्यांच्या क्षेत्राबाहेरचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक घरगुती गॅसने झालेल्या. पुढच्या दशकात कोळशापासूनचा विषारी गॅस जाऊन नैसर्गिक वायू आला, तो स्वस्त आणि सोयीचा होता म्हणून. आत्महत्या रोखण्याचा हेतू कोणाच्या मनातही नव्हता. १९७५ मध्ये एकूण आत्महत्या ३,६९३ वर आल्या होत्या. ज्यांचा एक मार्ग बंद झाला त्यांतले बहुतेक दुसऱ्या मार्गाकडे वळलेच नाहीत. क्लार्क आणि पॅट मेह्यू यांनी १९८८ मध्ये हा अभ्यास मांडला तो गुन्ह्यांच्या अभ्यासकांसाठीच. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक घटले. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांविषयी बोलताना कर्ज, भाव आणि पाऊस यांच्याइतकीच ही गोष्टही बोलली गेली पाहिजे. जीव देण्यासारखा टोकाचा निर्णयही हाताशी काय आहे यावर एवढा अवलंबून असेल, तर दुचाकी उचलण्याचा निर्णय किती असेल?

दुचाकीचेच उदाहरण पश्चिम जर्मनीत सापडते, आणि ते दुसऱ्या मोठ्या आक्षेपाचे उत्तरही आहे. आक्षेप असा की एक वाट बंद केली की चोर दुसरीने जाणार. मग उपयोग काय? पश्चिम जर्मनीत हेल्मेट सक्तीचे होते, पण १९८० पासून हेल्मेट न घालणाऱ्याला जागच्या जागी दंड होऊ लागला. त्या वर्षी तिथे सुमारे दीड लाख मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या. १९८६ मध्ये हा आकडा सुमारे ५४ हजारांवर आला. कारण साधे होते. मोटारसायकल चोरणारे पुष्कळजण बेत आखून येत नसत. समोर दिसली, हँडल लॉक नव्हते, नेली. आता बरोबर हेल्मेट नसेल तर पहिल्याच चौकात पोलिसाचे लक्ष जायचे. हे सगळे चोर मोटारींकडे किंवा सायकलींकडे वळले का? मोटारींच्या चोऱ्या थोड्या वाढल्या, पण गेलेल्या लाखभराच्या तुलनेत ती वाढ किरकोळ होती. रॉब गेरेट आणि केट बॉवर्स यांनी २००९ मध्ये १०२ प्रयोगांचे मूल्यमापन एकत्र तपासले, तेव्हा गुन्हा दुसरीकडे सरकल्याचे सुमारे एकचतुर्थांश वेळाच आढळले, आणि जवळपास तितक्याच वेळा उलटा, म्हणजे आजूबाजूच्या भागालाही फायदा झाल्याचा परिणाम दिसला. चोर जागा बदलतो, पण त्यासाठी त्याला नव्याने हेरावे लागते, नवी गल्ली, नवा माल घेणारा शोधावा लागतो. हे कष्ट घ्यायची तयारी सगळ्यांची नसते. हाही एक निर्णयच आहे.

पकडले जाण्याच्या खात्रीचे महत्त्व किती, ते मुंबईने एका दिवसात पाहिले. १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलीस शिपायांनी बंड केले, ठाणी ओस पडली, आणि शहरात जाळपोळ व लुटालूट सुरू झाली; शेवटी लष्कर बोलवावे लागले. त्या सकाळी दंडविधानातले एकही कलम बदललेले नव्हते. गिरणी संपाचा आठवा महिना होता, कामगारवस्त्यांत संताप खदखदत होता, म्हणून हे उदाहरण निर्भेळ नाही. डेन्मार्कचे अधिक स्वच्छ आहे. जर्मन फौजांनी सप्टेंबर १९४४ मध्ये तिथले अख्खे पोलीस दल कैद केले, तेव्हा लूटमार कित्येक पटींनी वाढली. अफरातफर मात्र फारशी वाढली नाही, कारण तिच्यात गुन्हेगार कोण हे मालकाला आधीच ठाऊक असते. आणि ब्वेनोस आयरेसमध्ये १९९४ च्या बॉम्बस्फोटानंतर ज्यू संस्थांसमोर चोवीस तास पोलीस उभे केले गेले, तेव्हा त्या गल्ल्यांतली मोटारचोरी सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली. दोन गल्ल्या पलीकडे मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे धाकाची सावली पोलीस जिथे उभा आहे तिथवरच पडते. तो नेमका कुठे उभा राहावा हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो. लॉरेन्स शर्मन यांनी १९८९ मध्ये मिनिआपोलिसचा हिशेब मांडला, तेव्हा पोलिसांना येणारे निम्मे फोन शहरातल्या तीन-साडेतीन टक्के पत्त्यांवरून आल्याचे दिसले होते.

आता डावीकडून येणारा आक्षेप. कुलपे, दिवे आणि गस्त यांच्या गप्पा मारून आपण गरिबी, बेकारी, विषमता ही मूळ कारणे झाकून टाकतो, असे म्हटले जाते. विषमतेविरुद्ध लढायलाच हवे, आणि ते गुन्हे कमी व्हावेत म्हणून नव्हे तर ती अन्याय्य आहे म्हणून. पण गुन्ह्यांचा सगळ्यात जास्त फटका गरिबांनाच बसतो, हे या आक्षेपात विसरले जाते. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी कर्कहोल्ट नावाची सरकारी घरांची गरीब वस्ती आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे घरफोड्यांचा सुळसुळाट होता. केन पीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडितांशी, शेजाऱ्यांशी आणि पकडलेल्या चोरांशीही बोलून पाहिले. दोन गोष्टी निघाल्या. एक, बऱ्याच घरांत वीज आणि गॅससाठी नाणी टाकून चालणारे मीटर होते. म्हणजे प्रत्येक गरिबाच्या घरात रोकडीने भरलेली एक पेटी भिंतीला टांगलेली होती आणि ती कुठे असते हे साऱ्या वस्तीला माहीत. दुसरी, एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांच्या कितीतरी पट होती. चोराने एकदा आत पाहून घेतलेले असते. काय राहिले, काय नवे येणार, कुठून शिरायचे, सगळे ठाऊक. मग मीटर काढले गेले. फोडलेल्या घराची दारे-खिडक्या लगेच पक्क्या केल्या. आजूबाजूच्या पाच-सहा घरांना विनंती केली की एवढ्या एका घरावर काही दिवस लक्ष ठेवा. तीन वर्षांत वस्तीतल्या घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी झाल्या. त्या काळात वस्तीतली गरिबी संपली नव्हती. पण ज्या म्हातारीचे घर सहा महिन्यांत तिसऱ्यांदा फुटले असते, ते फुटले नाही, आणि तिला विषमता संपेपर्यंत थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपल्या पोलीस ठाण्यांत घरफोडीचा पंचनामा होतो, बोटांचे ठसे घेतले जातात. याच घरी चोर महिन्याभरात पुन्हा येऊ शकतो, हे त्या कुटुंबाला सांगणे कामकाजाचा भाग व्हायला किती खर्च येईल?

या विचाराचा एक दुरुपयोग मात्र मला अस्वस्थ करतो. संधी नाहीशी करा, याचा अर्थ आपल्याकडे चटकन ‘मुलींनी सातच्या आत घरात’ असा लावला जातो. हा अर्थ पूर्णपणे चुकीचा आहे. निर्णय गुन्हेगाराचा असतो, म्हणून बंधन त्याच्या निर्णयावर यायला हवे, आणि ते आणण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याची: बसथांब्यावर दिवा लावणारी महापालिका, रात्रपाळीच्या मुलींची ने-आण करणारी कंपनी, जिना अंधारात ठेवणारा बिल्डर. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ठिकाणी झगझगीत दिवे उभारले, तेव्हा तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. तिथे कोणालाही घरात बसायला सांगितले नव्हते. कॅमेऱ्यांवरचा आपला भरवसा मात्र जरा आटोक्यात यायला हवा. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी होतात, वाहनतळांवर त्याहून बरेच जास्त. हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसत नाही. भांडणाच्या भरात असलेला माणूस खांबाकडे मान वर करून पाहत नाही.

आणि आज कडीकोयंडा लागतोच असेही नाही. देशात २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षीच्या तिपटीहून अधिक. पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटक’ करणारा शेकडो मैलांवरून फोन करतो, त्याला कुत्रा भुंकत नाही, शेजारीण दिसत नाही. सेंट लुइसच्या घरफोड्यांना जी मोठी भीती होती, घरात कोणी असण्याची, ती इथे नाहीच. उलट घरात एकटा माणूस असणे हीच त्याची सोय आहे. म्हणून तो सावजाला पहिली गोष्ट सांगतो ती ही की व्हिडिओ कॉल बंद करू नका आणि कोणाशी बोलू नका. पण त्याच्या निर्णयालाही एक अरुंद जागा आहे. लुबाडलेला पैसा कुठल्या तरी खात्यात जमा व्हावाच लागतो, आणि ते खाते त्याचे स्वतःचे असू शकत नाही. ते काही हजारांच्या बदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमसकट देऊन टाकलेले असते. कधी कॉलेजातल्या मुलाने, कधी काम शोधायला शहरात आलेल्या मजुराने. असे खाते आदल्या महिन्यापर्यंत जवळजवळ रिकामे असते आणि एका दुपारी त्यात लाखो रुपये येऊन तासाभरात दहा ठिकाणी निघून जातात. १९३० या क्रमांकावर तक्रार पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा ते निघून गेलेले असतात. दुसऱ्या टोकाला, सत्तरीतला एक गृहस्थ बँकेच्या काउंटरवर उभा असतो. मुदत ठेव मोडण्याचा अर्ज त्याने भरलेला आहे, हात थरथरतो आहे, खिशातला फोन चालूच आहे. काचेपलीकडच्या कर्मचाऱ्याच्या हातात दोन-तीन मिनिटे असतात. “काका, एवढी रक्कम कोणाला पाठवताय?” एवढे त्याने विचारायचे, फोन बाजूला ठेवायला सांगायचा, आणि त्यांना आत साहेबांच्या केबिनमध्ये पाणी देऊन बसवायचे.